पुढचंच चाक का ओरडतं

तो आवाज कसा होता हे सांगायला लागले की अजूनही घरातले हसतात. म्हशीचा म्हणावा, तर म्हैस एवढ्या वरच्या पट्टीत जात नाही. दगडावर पत्रा घासल्याचा म्हणावा, तर त्यात एक रडका सूर होता. सायकल वेगात असली की काहीच नाही. मी ब्रेक धरला, चाक हळू व्हायला लागलं की तो सुरू व्हायचा आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत चढत जायचा. आता सायकल थांबवायची म्हणजे माणसं असतील तिथेच थांबवायची. मोकळ्या माळावर कोण ब्रेक दाबतं? त्यामुळे तो आवाज नेमका चारचौघांत व्हायचा.

सायकल माझ्या चुलतभावाची. त्याला मी दादा म्हणते. आप्पांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, तो एकुलता एक मुलगा. गावातून पुण्याला गेला आणि पुण्याहून कंपनीच्या कामाला वर्षभर जर्मनीला. दिवसच तसे आले होते. आमच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या, घरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या होत्या, आणि ज्यांनी परळीच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं ते पारावर बसून कंप्युटरची चर्चा करायचे. दादा परत येताना खोक्यात भरून ही सायकल घेऊन आला. डोंगरात चालवायची सायकल. आमच्याकडे सगळी सपाट काळी रानं, पण ते असो. जाड टायर, गिअर, आणि दोन्ही चाकांच्या मध्याशी बशीएवढी चकचकीत लोखंडी चकती. ब्रेक धरला की एक चिमटा ती चकती दोन्ही बाजूंनी आवळायचा आणि चाक थांबायचं. पुण्यात त्याने ती थोडे दिवस फिरवली. मग पुन्हा जर्मनीला जायची वेळ आली, तेव्हा सुटी करून टेम्पोत घालून गावी पाठवली आणि मला फोनवर म्हणाला, "तूच वापर. कॉलेजला लागंल."

लागलीच. मी तेव्हा बारावीत होते. कॉलेज सिरसाळ्याला, आमच्या गावापासून दोन कोसांवर. सकाळची गाडी त्या वर्षी दुसऱ्या रस्त्याने जायला लागली आणि आमच्या गावच्या मुलींचं कॉलेज तिथेच आटोपलं. माझ्यासोबतच्या दोघी घरी बसल्या. एकीचं तर दिवाळीच्या आत लग्नही जमलं. मी तेवढी सुटले, ती या सायकलमुळे. सायकल गेली तर मीही त्या दोघींच्या रांगेत, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सायकल जोडून घ्यायला आप्पा माझ्यासोबत सिरसाळ्याला आले होते. स्टँडमागच्या मिस्त्रीने असलं यंत्र पहिल्यांदाच पाहिलं. तो चाक हातात धरून बराच वेळ ब्रेकचं रबर शोधत होता. शेवटी सगळं जुळलं, तेव्हा आप्पांनी चकतीकडे बोट दाखवून विचारलं, "ही कशाला?"

"ह्याच्यावरच सगळं हाय आप्पा," मिस्त्री म्हणाला. "चिमट्यानं ही धरली तर गाडी थांबती. न्हाई धरली तर गेली."

आप्पांनी मान हलवली आणि दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघितले. तेव्हा आवाजबिवाज काही नव्हता. सुरुवातीचे थोडे दिवस सायकल अगदी मुकी होती. मग एका सकाळी सिरसाळ्याच्या चौकात मी ब्रेक धरला आणि तिने तोंड उघडलं.

चौकात चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलात रिकामटेकडी पोरं. त्यांना आयतंच गावलं. "परळीची पॅसेंजर आली बे, सरका!" एक ओरडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यावर दोन बाजूंना उभं राहून फाटक लावल्याचा अभिनय केला. मी मान खाली घालून जाणारी मुलगी नव्हते, पण त्या दिवशी घातली. आता वाटतं, उलट दोन शिव्या हासडायला हव्या होत्या.

गोष्ट आप्पांच्या कानावर गेली नसती तरच नवल. आमच्या घरात बाबा दुकान बघायचे आणि आप्पा उरलेलं सगळं जग. परळीहून येणाऱ्या कुणा पाहुण्याने दुकानाच्या पायरीवर बसून हसत हसत म्हटलं, "तुमची पुतणी आली की चौकाला कळतंय बगा." आप्पांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी मला हाक मारली.

"सायकल चालीव. मी नगं म्हनलो न्हाई. पर पोरीच्या जातीनं गावभर बोंबलत जायाचं, हे न्हाई चालायचं. येळवसपतोर आवाज बंद कर. न्हाई झाला तर सायकल खोलीत अन् तू घरात."

येळवस म्हणजे वेळामावस्या. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला जातात. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणजे वेळ होता. पण मला भयंकर राग आला होता. आवाज मी काढत होते का? मला वाटलं, आप्पांना सायकल नकोच आहे आणि हे निमित्त सापडलंय.

पहिला इलाज मायचा. आमच्या घरात जे वाजेल त्याला तेल. दाराला, पाळण्याला, रहाटाला, सगळ्याला करडईचं तेल. तिने मला न विचारता चकतीवर तेलाची धार सोडली. आवाज थांबला. ब्रेकही थांबला. उतारावरून मी सरळ कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत घुसले. गंजीचा मालक धावत आला, तो आधी गंजीला किती खळगा पडला ते बघायला. माझ्या कोपराला खरचटलं होतं, त्यावर मायने हळद लावली आणि म्हणाली, "पर आवाज गेला का न्हाई?"

गेला नव्हता. पुढच्या सोमवारी दुप्पट झाला.

दादाचा फोन रविवारी दुकानात यायचा. त्याला तेलाचं सांगितलं, तर पलीकडून नुसता कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. तो म्हणाला, तेल कधीच नाही; चकती स्पिरिटने पूस आणि चिमट्यात चकती आवळणारे दोन गुटके असतात, त्यांना पॉलिश पेपर मार. मी दवाखान्यातून इंजेक्शनआधी लावतात ते स्पिरिट मागून आणलं. माय म्हणाली, "आता सायकलीला सुई देतीस का?" मी दुर्लक्ष केलं. स्पिरिटने पुसलं, गुटके घासले, आणि बुधवारपासून सायकल गप्प. गुरुवारी गप्प. शुक्रवारी चौकात मी मुद्दाम दोनदा ब्रेक धरला आणि हॉटेलातल्या पोरांकडे बघितलं. शनिवारी घरी आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "गेला एकदाचा."

सोमवारी तो चौकात माझ्याआधी पोचला.

इथून पुढे माझं डोकं चालेनासं झालं. मिस्त्रीकडे गेले. त्याने चिमटा ढिला करून पुन्हा बसवला, मध्ये सिगारेटच्या पाकिटाचा कागद घालून फट मोजली, कान लावून चाक फिरवलं. "पुढलंच वाजतंय," तो म्हणाला. "मागलं गप हाय. कावून?" ते मी त्याला विचारायला गेले होते. मग त्याला एक युक्ती सुचली. त्याने पुढचे गुटके मागे आणि मागचे पुढे घातले. खोट गुटक्यांत असेल तर आता मागचं चाक ओरडायला हवं. मला हे एकदम पटलं. चार दिवस कुणीच ओरडलं नाही, आणि सोमवारी पुन्हा पुढचंच चाक. मिस्त्रीने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "ताई, ही आपल्याकडची वस्तू न्हाई," तो म्हणाला. "हिला हितलं पाणी मानवंना."

मी तोवर सोमवारचा माग काढला होता. सोमवारी कहर, बुधवारपर्यंत ओसरता, शनिवारी जवळपास मुका. म्हणजे कोणताही इलाज आठवड्याच्या मध्ये केला की लागू पडल्यासारखा वाटे आणि रविवारी केला की वाया जाई. पण सायकलीला वार कसे कळतात? मी विचार करकरून एक शोध लावला: रविवारी कॉलेजला सुट्टी, सायकल उभी राहते, उभं राहून जाम होते. झालं! त्या रविवारी मी दुपारभर खळ्यात गोल गोल सायकल फिरवली. शेजारच्या काकूंनी मायला विचारलं, "पोरगी घाण्याला जुंपलीस का?" संध्याकाळी चाकं कशी लोण्यासारखी फिरत होती. सोमवारी चौकात तोच आवाज, तीच पॅसेंजर.

मग दवाचा संशय. मग दप्तराच्या वजनाचा, कारण सोमवारी प्रयोगवही असायची. वही मैत्रिणीकडे ठेवून बघितली. मग मला असंही वाटून गेलं की मीच सोमवारी ब्रेक जोरात धरते, कारण मला भीती वाटते, आणि भीती वाटते कारण तो सोमवार आहे. रसायनशास्त्राच्या तासाला फळ्याकडे बघत मी हे घोळवत बसायचे. दर सोमवारी कॉलेजातून परतल्यावर चकतीवर एक करडा थर दिसायचा, तो मी रस्त्याची धूळ म्हणून पुसून टाकायचे. थंडी पडली, तुरी भरल्या, येळवस चार दिवसांवर आली, आणि माझ्या हाती धुपाटणंही नव्हतं. रात्री झोप लागेना. सायकलशिवाय फेब्रुवारीतली परीक्षा कशी द्यायची, आणि त्याच्या पुढचं तर सगळंच अंधारात.

त्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी मी दोन्ही चकत्या स्पिरिटने लख्ख पुसल्या आणि अंगणात पुढे-मागे करून ब्रेक दाबून बघितले. एक चकार शब्द नाही. सायकल ओसरीत लावली आणि तिच्यावर पोतं टाकलं, म्हणजे दवाचा प्रश्न मिटला. सकाळी उजाडता उजाडता, चकती ओली झाली का ते बघायला, मी ओसरीत गेले.

आप्पा तिथे होते. आंघोळ आणि लिंगपूजा आटोपलेली, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, अंगावर ओलं उपरणं. त्यांनी पोतं बाजूला केलं होतं. एक हात हँडलला धरून, दुखरा गुडघा जपत ते हळूहळू उकिडवे बसले. डाव्या तळहातावर भस्म कालवलेलं होतं. त्यात उजव्या हाताची तीन बोटं बुडवून त्यांनी पुढच्या चाकाच्या चकतीवर ओढली. चाक थोडं फिरवलं, पुन्हा ओढली. असं करत चकतीला पुरा वेढा घातला. ओठ हलत होते. मग चकतीला हात लावून तो कपाळाला लावला, पोतं होतं तसं टाकलं आणि हँडलचा आधार घेत उठले.

मी दाराआड सरकले. खरं सांगते, आधी मला हसू आलं. सोमवार! आम्ही शंकराची माणसं, आमच्या घरात सोमवारी तराजूला भस्म लागतं, गल्ल्याला लागतं, टीव्ही घेतला तेव्हा टीव्हीला लागलं होतं. सायकल तेवढी कशी सुटेल? हसू ओसरलं तसा राग आला. ज्या माणसाने आवाज बंद कर म्हणून मला मुदत घालून दिली, तोच दर सोमवारी बसून तो आवाज लावून ठेवत होता! आणि रागाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, त्याला काय म्हणायचं ते मला त्या वयात कळलं नाही. आप्पांना गुडघ्यामुळे जेवायलाही पाटावर बसवत नसे. ते खुर्चीवर जेवायचे.

मी स्वयंपाकघरात जाऊन मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. "सायकल आली तवापासनं लावतेत."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"त्यात काय सांगायचं? भस्मानं कुटं आवाज येतो का?"

दीड महिना मी वार, दव, वह्या आणि जर्मनीतला फोन यांच्यात धडपडत होते आणि उत्तर चुलीपाशी बसलं होतं, तेही त्याला ते उत्तर आहे हे माहीत नसताना. पुढे दादाला हे सांगितलं तेव्हा त्यानेही मान हलवली. एवढ्याशा राखेने असा आवाज यायला नको, म्हणाला. मायच्या तेलाने गुटके बिघडले असतील, राखेने त्यात भर घातली असेल. पण तेलाच्या आधीही आवाज होताच, मग? तो म्हणाला, मग माहीत नाही. मलाही आजतागायत नक्की माहीत नाही. माझ्यापुरतं एवढंच खरं की भस्म असलं की वाजायचं, नसलं की वाजायचं नाही.

उपाय तर पोरखेळाचा होता. गावाबाहेरच्या वळणावर थांबायचं, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, आप्पांना पत्ता नाही, चौकात शांतता, येळवसला माझी जीत. त्याच सोमवारी मी वळणावर थांबलेसुद्धा. बोळा भिजवला, चाकाशी बसले. तीन बोटांचे पट्टे सुकून पांढरे झाले होते, एका ठिकाणी बोट थोडं घसरलं होतं. इतके सोमवार मी हेच धूळ म्हणून खुशाल पुसत आले होते आणि मला काही वाटलं नव्हतं. आता हात पुढे होईना. मी स्वतःला वेडी म्हटलं, मूर्ख म्हटलं, परीक्षेची आठवण करून दिली. शेवटी बोळा ज्वारीच्या रानात फेकला आणि निघाले. चौकात पॅसेंजर आली. फाटक लागलं. मी काही ऐकलं नाही, कारण मी भांडत होते, आणि कुणाशी ते मला समजत नव्हतं.

येळवसला आम्ही सगळे शेतात गेलो. कडब्याची खोप केली होती, पूजा झाली, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं पोटभर झालं. बाबा झाडाखाली आडवे झाले. आप्पा बांधावर पाय सोडून बसले होते. मी आंबिलीचा तांब्या घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं.

"आवाजाचं काय झालं?"

खोटं सांगता आलं असतं. बुधवार होता, तसाही तो ओसरला होता.

"न्हाई गेला," मी म्हणाले. "आप्पा, तुमी सोमवारी चकतीला भस्म लावता. त्यानं वाजतंय."

मागे मायच्या बांगड्या एकदम थांबल्या. आप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"भस्मानं?"

"व्हय. पुसलं की गप. लावलं की वाजतंय."

"तू पुसती व्हतीस?"

"ठाऊक न्हवतं तवा पुसलं. ह्या सोमवारी बघितलं तुमाला. मग न्हाई पुसलं."

त्यांनी बांधालगतच्या हरभऱ्याचा एक डहाळा उपटला. मला वाटलं, आता संपलं. चुलत्याच्या पूजेत खोट काढणारी पुतणी आमच्या घराने अजून पाहिली नव्हती. बोलून गेलेच होते, तर जे महिनाभर डोकं खात होतं तेही विचारून टाकलं.

"पुढच्याच चाकाला कावून लावता?"

"पुढलं आदी जातंय न्हवं," आप्पा म्हणाले. "मिस्त्री काय म्हनला, ह्याच्यावरच सगळं हाय. त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर बघितलेस का तू? दोन दोन ट्रॉल्या मागं, डायवरचं ध्यान कुटं असतं त्याला ठाऊक. तू निघालीस की मला घास गिळंना." मग हातातला डहाळा बांधावर ठेवत म्हणाले, "दादा गेला तवा इमानाला काय लावनार व्हतो मी? तितं हात पोचंना माजा. तुज्या चाकापतोर तरी पोचतोय."

मी त्यांच्या पेल्यात आंबील ओतली आणि म्हणाले, "मग हँडलला लावा. तितं न्हाई वाजायचं."

"हँडलनं थांबती का गाडी?"

"न्हाई."

"मग?"

आप्पांनी आंबिलीचा घोट घेतला, मिशी पुसली.

"लई वाजतंय का?"

"लई."

"लोक हसत्यात?"

"हसत्यात."

त्यांनी पेला बांधावर ठेवला आणि गुडघ्यावर हात दाबत उठायला लागले. मी हात दिला. उभं राहिल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या कॉलेज हाय का तुजं?"

"हाय."

"मग वाजीवत जा," आप्पा म्हणाले.